बेस घरी रेकॉर्ड करायचाय? आधी प्लगचा बोर्ड उघडून बघा

मागच्या अंकात मी सहज एक ओळ लिहून गेले होते, की घरच्या घरी रेकॉर्ड करायला बेस गिटारइतकं सोपं आणि स्वस्त वाद्य दुसरं नाही. त्यावर एवढे प्रश्न आलेत की हा अख्खा भाग बेसलाच देतेय. बहुतेक प्रश्न नाशिकमधलेच आहेत, मी पण इथलीच, त्यामुळे आपल्या घरांची वायरिंग, आपला पावसाळा, शेजारचा ढोल हे सगळं धरूनच बोलूया.

प्रश्न : ताई नमस्कार. मी सिडकोत राहतो, इंजिनिअरिंगच्या थर्ड इयरला आहे. सेकंडहँड चार तारांचा बेस घेतलाय. आता घरी रेकॉर्डिंग सुरू करायचंय, २५ हजार जमवलेत. आमच्या बँडमधले म्हणतात आधी खोलीला फोम लाव नाहीतर अंड्याचे ट्रे चिकटव, मग मॉनिटर स्पीकर घे, आणि अ‍ॅम्पसमोर लावायला एक चांगला माइक घे. खोली १० बाय ११ ची आहे, लहान भाऊ पण तिथेच अभ्यासाला बसतो. सुरुवात कुठून करू?

उत्तर : फोम नको, ट्रे नको, मॉनिटर आत्ता नको आणि माइक तर अजिबात नको. हे चारही बाजूला ठेवलंस की तुझे २५ हजार पुरतात, नाहीतर ५० पण कमी पडतील.

कारण सांगते. गाणाऱ्याचा आवाज हवेतून माइकपर्यंत जातो म्हणून त्याला चांगली खोली लागते, बेसचं तसं नाहीये. तारेखाली पिकअप (चुंबक आणि त्याभोवती बारीक तारेचं वेटोळं) बसलाय, तार हलली की तिथेच करंट तयार होतो आणि वायरमधून थेट आत जातो, मध्ये खोली येतच नाही. भाऊ शेजारी बसून मोठमोठ्याने पाठांतर करत असला तरी त्यातला एक शब्द रेकॉर्ड होणार नाही. गणपतीच्या आधी गंगेवर (म्हणजे गोदाकाठी) ढोलपथकांचा सराव सुरू झाला की आमच्याकडे गायकांचं रेकॉर्डिंग बंदच पडतं, संध्याकाळी माइक उघडायची सोय नसते, पण बेसचे टेक त्याच महिन्यात सगळ्यात जास्त होतात, ढोल वाजू दे नाहीतर फटाके फुटू दे.

आणि ही काही पैसे नाहीत म्हणून केलेली तडजोड समजू नकोस. १९६० च्या दशकात अमेरिकेत डेट्रॉइटला मोटाऊन या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत जेम्स जेमर्सन वाजवायचा, १९६२ ची फेंडर कंपनीची प्रिसिजन बेस, त्यावर जाड फ्लॅटवाउंड (वरून सपाट पट्टी गुंडाळलेल्या, गुळगुळीत) तारा ज्या तुटल्याशिवाय तो बदलायचाच नाही, उजव्या हाताचं फक्त पहिलं बोट, आणि बेसची वायर सरळ मिक्सिंग कन्सोलमध्ये. अ‍ॅम्पसमोर माइक वगैरे काही नाही. तो आवाज आपल्याला मिळावा म्हणून जगभरचे बेसिस्ट आजही धडपडतात.

आता मॉनिटर, म्हणजे मिक्स करताना ऐकायचे स्पीकर, का नको ते. तुझ्या खोलीची एक बाजू १० फूट आहे, म्हणजे समोरासमोरच्या त्या दोन भिंतींमध्ये साधारण ५६ हर्ट्झचा आवाज घुमतो. तुझी उघडी ए तार ५५ हर्ट्झची. कळलं काय होणार? स्पीकरवर ऐकताना खोलीच्या कोपऱ्यात उभा राहिलास तर ए वाजवल्यावर खिडकीची तावदानं थरथरतील, आणि खोलीच्या बरोबर मध्ये खुर्ची टाकून बसलास तर तोच ए गायब. मग तू मिक्समध्ये ए कमी करशील किंवा वाढवशील, आणि दोन्ही चूक, कारण रेकॉर्डिंगमध्ये तो बरोबरच होता, खोली खोटं बोलत होती. हे फोमने बरं होत नाही. एक-दोन इंची फोम टाळी वाजवल्यावर येणारा खणखणाट कमी करतो, ५५ हर्ट्झला त्याची जाणीवही होत नाही, आणि अंड्याचे ट्रे तर आवाजासाठी निरुपयोगी आहेतच, वर पेटले तर धडाधड पेटतात. घरात लावूच नका.

म्हणून पैसे असे घाल. सगळ्यात आधी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे बेसचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारं खोकं, बेहरिंगरचा यूएमसी२०२एचडी किंवा फोकसराइटचा स्कार्लेट सोलो, या जातीचं काहीही चालेल, सेकंडहँड मिळाला तर आणखी बरं. घेताना दोनच गोष्टी बघायच्या. एक म्हणजे खोक्यावर २४ बिट लिहिलेलं असावं, अगदी स्वस्तातले काही १६ बिटवरच थांबतात. दुसरं, 'इन्स्ट' असं लिहिलेलं बटण असावं. ते दाबलं की इनपुटचा रेझिस्टन्स साधारण १ मेगाओहमच्या पुढे जातो आणि पिकअपवर ओझं येत नाही. ते न दाबता लाइनमध्ये बेस लावला की आवाज मलूल येतो, कांबळ्याखालून आल्यासारखा, आणि लोक म्हणतात बेस हलका आहे. बेस हलका नसतो हो, बटण दाबायचं राहिलेलं असतं.

मग हेडफोन, कान पूर्ण झाकणारे बंद पाठीचे, ऑडिओ-टेक्निकाचे एम४०एक्स किंवा सेनहायझरचे एचडी २८० प्रो असे. हेडफोनला खोली नसते, त्यामुळे वरचा ५५ हर्ट्झचा घोळ इथे होत नाही. गाणी ऐकायचे 'एक्स्ट्रा बेस' लिहिलेले हेडफोन नकोत आणि ब्लूटूथ तर नकोच, आवाज उशिरा पोचतो.

या दोन्हीत मिळून १६ ते १८ हजार जातील. उरलेल्यातून पहिला खर्च बेसवरच कर, नव्या तारांचा सेट आणि एक नीट सेटअप. सेटअप म्हणजे नेकचा बाक, तारांची उंची आणि इंटोनेशन (तारेवर कुठेही दाबलं तरी सूर बरोबर येणं) जुळवणं. इंटोनेशन घरी तपासता येतं, बाराव्या फ्रेटवर (नेकवरची धातूची आडवी पट्टी) तारेला नुसतं टेकवून हार्मोनिक वाजव आणि मग तिथेच दाबून वाजव, ट्यूनरवर दोन्ही सारखे यायला पाहिजेत. दाबलेला चढा आला तर ब्रिजवरचा स्क्रू फिरवून सॅडल (तार टेकते तो तुकडा) मागे न्यायचं, उतरला तर पुढे. प्रत्येक फिरवणीनंतर तार परत सुरात लावायची आणि परत बघायचं, एका तारेला पाच-सात मिनिटं जातात. एवढं मुद्दाम लिहितेय कारण अ‍ॅम्पवर फ्रेटचा कर्कश खडखडाट लपून जातो, डायरेक्ट रेकॉर्डिंगमध्ये सगळं उघडं पडतं.

सॉफ्टवेअरसाठी रीपर. ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं आणि घरगुती लायसन्स ६० डॉलरला आहे, जुन्या लॅपटॉपवर पण पळतं. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ ठेव. लेव्हल लावताना हळू वाजवून लावू नकोस, गाण्यातला सगळ्यात जोराचा भाग वाजव आणि तेव्हा मीटर उणे १० ते उणे १२ डेसिबलच्या आसपास थांबला पाहिजे. लाल दिवा लागला की तो टेक गेला, नंतर काही करता येत नाही.

प्रश्न : पंचवटीत आमचा जुना वाडा आहे, वरच्या मजल्यावर मी रेकॉर्डिंगचं टेबल मांडलंय. इंटरफेस, केबल सगळं नवीन आहे. तरी बेस लावला की सतत घूंऽऽ असा आवाज येतो, वाजवताना कळत नाही पण थांबलो की लगेच. इक्वलायझरने काढायचा प्रयत्न केला तर बेसच पातळ होतो. इंटरफेस परत करू का?

उत्तर : परत करू नका, इंटरफेसचा दोष असण्याची शक्यता फार कमी आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि बेसच्या ई तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी आहे ४९ हर्ट्झचा. म्हणजे घूं आणि तुमचा जी एकाच खुर्चीवर बसलेत, एकाला उठवलं की दुसरा पण उठणार. म्हणून घूं नंतर काढायची नसते, आत येऊच द्यायची नसते.

माझ्यावर हे बेतलेलं आहे. रविवार कारंजाजवळ एका जुन्या घरात भाड्याची खोली होती, तिथे दोन महिने मी ही घूं शोधत होते, केबल तीन वेळा बदलली, पिकअपखाली तांब्याची टेप लावली, एकदा तर रात्री दोन वाजता सगळ्या घराचे बल्ब एकेक करून बंद केले. शेवटी एका वायरमनला बोलावलं, त्याने टेबलामागच्या बोर्डाचे दोन स्क्रू काढले, प्लेट पुढे ओढली आणि मला म्हणाला ताई हे बघा. लाल वायर जोडलेली, काळी जोडलेली, हिरवी वायर बोर्डापर्यंत आलेली पण पिनला लावलेलीच नव्हती, टोकाला काळी चिकटपट्टी गुंडाळून मागे दाबून ठेवलेली. तीन पिनांचं सॉकेट, पण वरची जाड पिन नुसती शोभेची. त्याने पट्टी सोडली, तांब्यावरचा हिरवट थर चाकूने खरवडला, स्क्रूखाली घट्ट दाबली. हेडफोन कानाला लावला तर घूं जवळजवळ गेलेली, राहिली ती पिकअपची बारीकशी. दोन महिने आणि तीन केबलींचे पैसे त्या एका वायरीने खाल्ले. तेव्हापासून मी कुणाच्याही घरी रेकॉर्डिंगचं टेबल मांडायला गेले की आधी बोर्ड बघते.

तर तुम्ही या क्रमाने शोधा. पहिलं, लॅपटॉपचा चार्जर काढा आणि बॅटरीवर ऐका. घूं गेली तर चार्जर आणि अर्थिंग, दुसरं काही नाही, आणि वायरमन येईपर्यंत बॅटरीवरच रेकॉर्ड करत राहा, इंटरफेस यूएसबीवरच चालतो ना. (लाइट जाते तेव्हा तर सगळ्यात स्वच्छ टेक मिळतो, सगळ्या घराची वीजच शांत झालेली असते. मी लाइट गेली की आवर्जून बेस हातात घेते.) बॅटरीवर पण घूं राहिली तर बेसवरचा व्हॉल्यूम शून्यावर आणा. तरीही येतेय म्हणजे केबल किंवा जॅक. शून्यावर गेली म्हणजे बेसच्या आतून येतेय, मग तारांना हात लावून बघा. हात लावल्यावर कमी होत असेल तर वायरिंग ठीक आहे, फक्त शिल्डिंग (बाहेरची घूं अडवणारं आतलं आवरण) कमी पडतंय. काहीच फरक पडत नसेल तर ब्रिजला जाणारी आतली वायर सुटलेली असू शकते, पाच मिनिटांचं सोल्डरिंग आहे.

दोन पिकअपचा जॅझ टाइप बेस असेल तर दोन्ही व्हॉल्यूम सारखे पूर्ण उघडे ठेवा. त्यातले पिकअप उलटसुलट गुंडाळलेले असतात, दोन्ही सारखे चालू असले की घूं एकमेकांत वजा होते. प्रिसिजन टाइपमध्ये १९५७ पासून पिकअपच दोन तुकड्यांचा येतो, त्यामुळे त्याला हा त्रास मुळात कमी. आणि खुर्चीवर बसल्या बसल्या हळूहळू फिरून बघा, एका दिशेला घूं एकदम कमी होते, तिथे खुर्चीच्या पायांना जमिनीवर खडूने खूण करून ठेवा. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, स्वस्तातले एलईडी, मोबाइलचा चार्जर हे तिघं घूं नाही तर झींऽऽ करतात, टेकपुरते बंद ठेवा.

आता एक गोष्ट जपून वाचा. कुणी सांगेल तिसरी पिन तोडून टाका किंवा दोन पिनांचा अ‍ॅडॅप्टर लावा, घूं जाते. कधी कधी जाते खरी, पण मग मशीनमध्ये बिघाड झाला तर करंट तुमच्या तारांमधून तुमच्या हातात येणार. हे करू नका. तारांना किंवा माइकला हात लागल्यावर मुंग्या येत असतील तर त्याच क्षणी वाजवणं थांबवा. वायरमनला मीटर लावायला सांगा, फेज आणि अर्थमध्ये साधारण २३० व्होल्ट दिसले पाहिजेत, न्यूट्रल आणि अर्थमध्ये जेमतेम दोन-तीन. वाड्याचा अर्थिंगचा खड्डा मीठ-कोळशाचा जुन्या पद्धतीचा असेल तर तो कोरडा पडला की काम करत नाही, उन्हाळ्यात त्यात पाणी घालावं लागतं, आणि वाडे वाटण्या होऊन विभागले गेले की तो खड्डा कुणाच्या वाट्याला आला हेच कुणाला माहीत नसतं. भाऊबंदांना विचारून शोधा. रेकॉर्डिंगपेक्षा घरातल्या माणसांसाठी ते जास्त गरजेचं आहे.

प्रश्न : मी बेस वाजवतो आणि हेडफोनमध्ये आवाज क्षणभर नंतर येतो, ठेका चुकतो. लॅपटॉप बदलू का? (इंदिरानगर)

उत्तर : नका बदलू. इंटरफेसच्या कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर टाका, विंडोजचा नेहमीचा नको, आणि रीपरमध्ये बफर (लॅपटॉप एका वेळी जेवढा आवाज साठवून पुढे पाठवतो तो) १२८ करा. ४८ किलोहर्ट्झला ते पावणेतीन मिलिसेकंदाच्या आसपास होतं, जायचं-यायचं धरून त्याच्या दुप्पट-अडीचपट. हवेत आवाज एका मिलिसेकंदात साधारण एक फूट जातो, म्हणजे अ‍ॅम्पपासून सहा-सात फुटांवर उभं राहून वाजवल्यासारखंच, त्याने ठेका चुकत नाही. लॅपटॉप अडखळायला लागला, टकटक यायला लागली तर इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटर बटण दाबा, मग आवाज लॅपटॉपमध्ये न जाता सरळ कानात येतो. मिक्सिंगच्या वेळी बफर परत ५१२ किंवा १०२४ करा.

प्रश्न : सातपूरहून लिहितेय. माझा मुलगा बारावीनंतर या बेसच्या नादाला लागलाय. वाईट काही नाही, पण रोज चार-पाच तास कानाला हेडफोन लावून बसतो, हाका मारल्या तर ऐकू येत नाही. कानाची काळजी वाटते हो. त्यापेक्षा त्याला मोठा स्पीकर घेऊन दिला तर? ४० हजारांचा सांगतोय.

उत्तर : वहिनी, तुमची काळजी अगदी बरोबर आहे, पण उपाय मोठा स्पीकर नाही. हाका ऐकू येत नाहीत ते बंद पाठीच्या हेडफोनमुळे, ते बाहेरचं अडवतातच आणि त्यामुळे आतला आवाज कमी ठेवून भागतं, तो त्यांचा फायदा आहे. प्रश्न किती मोठ्याने आणि किती वेळ एवढाच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही मर्यादा सांगितलीय, आणि आवाज ३ डेसिबलने वाढला की वेळ निम्मी होते, म्हणजे ८३ ला २० तास, ८६ ला फक्त १०. मुलगा आठवड्याला तीसेक तास ऐकतोय, तेव्हा त्याला ८० च्या खालीच राहायला हवं.

हे घरात मोजायचं कसं? तो वाजवत असताना त्याच्या शेजारी हातभर अंतरावर उभ्या राहा, हेडफोनमधलं गाणं तुम्हाला ओळखू येत असेल तर आवाज जास्त आहे. त्याला एक सांगा, आणि हे बेसवाल्यांचं खास दुखणं आहे म्हणून सांगते, सोबतच्या गाण्यात आपला बेस ऐकू आला नाही की आम्ही बेसचा आवाज वाढवतो, मग गाणं दबतं म्हणून गाणं वाढवतो, असं करत तासाभरात दोन्ही दुप्पट झालेलं असतं. उलट करायचं, गाणं कमी करायचं. पाऊण तास झाला की हेडफोन काढून दहा मिनिटं बाहेर, गॅलरीत जाऊ दे नाहीतर दूध आणू दे. कानात शिट्टीसारखा आवाज राहतोय किंवा ऐकू कमी येतंय असं तो एकदा जरी म्हणाला तर कानाच्या डॉक्टरांना दाखवा, थांबू नका. आणि ते ४० हजार सध्या ठेवा. वर्षभर त्याने असंच नेमाने वाजवलं तर तेव्हा बोलू, त्याची चिकाटी दिसतेच आहे.

प्रश्न : हेडफोनवर माझा बेस मस्त दणदणीत वाटतो, पण मित्रांना मोबाइलवर पाठवला की म्हणतात बेस कुठेय? आवाज वाढवून वाढवून कंटाळलो. (कॉलेज रोड)

उत्तर : वाढवून येणारच नाही, कारण मोबाइलचा तो इवलासा स्पीकर ४१ हर्ट्झ काढूच शकत नाही, आणि तुझी ई तार ४१ हर्ट्झची आहे. पण तार काही एकच सूर काढत नाही, ४१ च्या वर ८२, १२३, १६४ असे तिचे स्वर एकावर एक बसलेले असतात, आणि आपला कान इतका हुशार आहे की त्याला नुसते वरचे ऐकवले तरी तो खालचा ४१ स्वतः भरून घेतो. मोबाइलवर बेस ऐकू येतो तो असा. तेव्हा खालचं वाढवायचं सोडून वरचे स्वर पुढे आणायचे.

मी काय करते, ट्रॅकची एक कॉपी घेते. मूळ ट्रॅक स्वच्छ ठेवते. कॉपीमध्ये साधारण २५० हर्ट्झच्या खालचं सगळं कापून टाकते आणि त्यावर डिस्टॉर्शन लावते, चांगलं खरखरीत, एकटं ऐकलं तर घाणेरडं वाटेल असं. मग त्याचा आवाज शून्यावर नेऊन हळूहळू वर आणते, जिथे खरखर म्हणून कळत नाही पण बंद केल्यावर काहीतरी गेलं असं वाटतं तिथे थांबते. अ‍ॅम्पचा रंग हवा असेल तर न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर हे अ‍ॅम्पची नक्कल करणारं सॉफ्टवेअर फुकट आहे. मूळ ट्रॅकवर ३० हर्ट्झच्या खालचं कापायचं, तिथे चार तारांच्या बेसचं काही नसतं, असते ती नुसती टेबलाची आणि बोटांची धडधड जी मिक्सची जागा खाते. कॉम्प्रेसर (जोराचा आवाज दाबून सारखा करणारा) ४ला १, अटॅक २५-३० मिलिसेकंद, म्हणजे बोटाचा पहिला ठोसा निघून जातो आणि मग तो पकडतो, सुई ३ ते ५ डेसिबल हलली की बास. गढूळ वाटलं तर २०० ते ३०० हर्ट्झच्या मध्ये थोडं कमी कर. आणि शेवटी मोबाइलवर ऐक, मग एखाद्या रिक्षात ऐक, रिक्षावाले काका लावू देतात, मी कितीदा लावून घेतलंय.

प्रश्न : पावसाळ्यात तारा महिन्याभरात काळ्या पडतात, आवाज मेल्यासारखा होतो. नवीन सेट दर महिन्याला परवडत नाही. उकळून वापरता येतात म्हणतात, खरं का?

उत्तर : खरं आहे, पण थोडक्या दिवसांचं. वेटोळ्यांत बसलेला घाम आणि मळ उकळून निघतो, तार नव्यासारखी वाजते, दहा-पंधरा दिवसांत परत तशीच. स्वच्छ पाण्यात दहाएक मिनिटं उकळा, लगेच कोरड्या पंचाने पुसा आणि पूर्ण वाळल्याशिवाय चढवू नका. खरा उपाय म्हणजे वाजवून झालं की प्रत्येक तार खालून-वरून सुती फडक्याने पुसणं आणि बेस भिंतीला टेकवून न ठेवता बॅगेत ठेवणं, बाहेरची भिंत पावसात ओल धरते. आपल्याकडे पावसाळ्यातली दमट हवा आणि डिसेंबर-जानेवारीतली कोरडी थंडी यात नेक थोडी हलतेच, तेव्हा वर्षातून दोनदा सेटअप तपासून घ्या. आणि फ्लॅटवाउंड तारा एकदा वापरून बघा, महाग वाटतात पण वर्षानुवर्षं चालतात.

प्रश्न : माझे वडील भजनी मंडळात हार्मोनियम वाजवून गातात, काळी एकमध्ये. त्यांची सात-आठ भजनं घरी रेकॉर्ड करून त्यावर बेस वाजवायची इच्छा आहे. पण बेस ट्यूनरवर नीट लावला तरी हार्मोनियमबरोबर बेसुरा वाटतो, वडील म्हणतात तुझंच चुकतंय. (नाशिकरोड)

उत्तर : ट्यूनर चुकत नाहीये आणि वडील पण बरोबर आहेत. ट्यूनर ए म्हणजे ४४० हर्ट्झ धरून चालतो, पण जुन्या हार्मोनियमच्या सुरपट्ट्या ४४० वरच असतील असं काही नाही, एखादी ४४५ वर असली तरी २० सेंटचा (सेंट म्हणजे दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) फरक पडतो, आणि तेवढा कानाला टोचतो. हार्मोनियम आपण बदलू शकत नाही, बेस बदलू शकतो. वडिलांना म्हणावं काळी एक दाबून धरा, भाता नेहमीच्याच जोरात, कारण जास्त हवा भरली की सूर किंचित उतरतो. समोर ट्यूनर ठेवून त्याचा ४४० चा आकडा एकेक करून वर-खाली करत जा, ज्या आकड्याला सुई मध्यावर येईल तो तुमच्या घरचा सूर. तो वहीत लिहून ठेवा आणि बेस त्यावरच लावा.

काळी एक बेसवर फार सोयीची आहे. चौथ्या फ्रेटवर बोट आडवं टाका, ए तारेवर सा, खाली ई तारेवर प, वर डी तारेवर म आणि जी तारेवर कोमल नी, सगळं एका ओळीत. पण भजनात खूप सूर वाजवायचा मोह टाळा. तबल्याचा डग्गा आणि बेस एकाच मजल्यावर राहतात, डग्ग्याची घुमार जिथे लांबवलीय तिथे तुम्ही गप्प राहा, समेवर सा द्या, मध्ये एखादा प, बास. ब्रिजजवळ तारांखाली स्पंजचा तुकडा सरकवला तर सूर पटकन थांबतो आणि डग्ग्याला जागा मिळते. भांडी घासायचा नवा कोरा स्पंज बोटभर रुंद कापून घ्या, तेवढा पुरतो.

क्रम असा ठेवा, आधी वडील आणि तबला एकत्र रेकॉर्ड करा. क्लिकवर (मेट्रोनोमच्या टकटकीवर) गायला लावू नका, भजनात लय चढत जाते आणि ती चढू द्यायची. खोलीत सगळ्या गाद्या आणि गोधड्या भिंतीशी उभ्या करा, कारण इथे माइक आहे, इथे खोली लागते. पंखा बंद, फ्रीज बंद, आणि रेल्वेगाडीची वेळ बघून, नाशिकरोडला ती घरघर कुठूनही येते. त्यांचं गाणं मनासारखं झालं की मग तुमचा बेस कधीही, रात्री बारा वाजता पण, शेजाऱ्यांना कळणार सुद्धा नाही.